हसे आणि हास्य

कोणाचे हसे करणे निराळे आणि हास्य फुलवणे निराळे. दूरचित्रवाणीवरील अनेक विनोदी कार्यक्रमांत कोणाचे तोतरेपण, कोणाचा स्थूल देह, हाच विनोदाचा विषय असतो. प्रेक्षकाला हसू येवो वा न येवो, ध्वनिमुद्रित हशा मात्र नेमका वेळेवर ऐकू येतो. जणू केव्हा हसावे, हे ठरवण्याचाही त्याला अधिकार नाही!

सत्यजित राय यांच्या 'गुपी गाइन बाघा बाइन' या १९६९ सालच्या बंगाली चित्रपटातील विनोदाची जात वेगळी आहे. बेसूर गाणाऱ्या गुपीची गावातील वडीलधारी माणसे थट्टा करतात; राजा तर त्याला गाढवावर बसवून गावाबाहेर घालवतो. प्रेक्षक प्रथम हसतो. परंतु त्या भोळ्या मुलाचा उतरलेला चेहरा पाहून त्याचे मन द्रवते. पुढे भुतांच्या राजाच्या वराने गुपीचा कंठ सुरेल होतो. तो आणि त्याचा सोबती बाघा मिळून एक युद्धच थांबवतात. उपाशी सैनिकांसमोर आकाशातून मिठाईची मडकी उतरतात आणि शस्त्रे टाकून सारे तिकडे धाव घेतात! या हास्यात कोणाचाही अपमान नाही.

ज्याच्यावर विनोद केला, त्यालाही ज्यात मनमोकळे हसता येते, तोच विनोद निर्मळ होय.