शेवटचे पान

दिवाळीच्या अंकात सांडपाण्याचा विषय काढू नये, असे घरातूनच मला बजावण्यात आले आहे. परंतु वाचकहो, आपल्या ताटातल्या बर्फीमागे डेअरी असते आणि डेअरीमागे गटार असते. त्या गटारातले पाणी विषारी नसते. उलट फार पौष्टिक असते आणि तोच त्याचा दोष! ते तसेच नदीत सोडले, तर त्यावर ताव मारणारे सूक्ष्म जीव पाण्यातला प्राणवायू संपवितात आणि मासे गुदमरतात.

म्हणून ही मेजवानी बंद टाकीत, हवेवाचून वाढायची. तेथे बसणारी पंगत मोठी विलक्षण. पहिले जीव दुधातल्या प्रथिनांचे आणि स्निग्धांशाचे तुकडे करतात; दुसरे त्यांची आम्ले करतात; तिसरे त्या आम्लांतून अ‍ॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन काढतात; शेवटचे त्यांपासून मिथेन हा जळाऊ वायू बनवितात. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे पक्वान्न!

यांचा शेजारधर्म तर असा की, मिथेन करणारा एक जीव शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे एकच समजत होते. १९६७ साली ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ते दोन आहेत. एक मद्यार्कातून हायड्रोजन काढतो, दुसरा तो संपवून मिथेन करतो. दुसऱ्याने हात आखडला, की पहिल्याचेही जेवण अडते. मला तर हा व्याकरणातला समाहार द्वंद्वच वाटतो!

मात्र पंक्तीतले सगळेच सारख्या वेगाने जेवत नाहीत. आम्ले करणारे चपळ. त्यांची संख्या काही तासांत दुप्पट होते. मिथेनवाल्यांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात. सणासुदीला डेअरीचे काम वाढून टाकीत एकाएकी जास्त पाणी आले, की आम्लांचा ढीग साचतो, टाकी आंबट होते आणि त्या आंबटपणात मिथेनवाले हातच धुतात. मग पाणी थांबवा, चुना घाला, मनधरणी करा!

हे संथ जीव पाण्याबरोबर वाहून जाऊ नयेत, म्हणून हॉलंडमध्ये लेटिंगा यांनी १९७० नंतरच्या दशकात पाणी तळातून वर चढविणारी टाकी सिद्ध केली. तीत जीवांचे दाणेदार गोळे बनतात आणि जडपणामुळे तळाशीच राहतात. बीटसाखरेच्या कारखान्यांत ती प्रथम उपयोगी पडली.

आपल्याकडे जुने वाढपी शेवटच्या पानाकडे पाहून वाढत असत. टाकी सांभाळणाऱ्यालाही तेवढेच शिकायचे असते. ते साधले, तर नदी वाचते आणि वर चूलही पेटते.