हॉलंड की वेस्टली? पुतण्याला जाहीर उत्तर

मंडळी, आजचा विषय जरा निराळा आहे. परळीतला सत्तरी ओलांडलेला मास्तर बंदुकांवर लिहायला बसलाय म्हटल्यावर आमच्या घरचे निम्मे वाचक हसतील आणि उरलेले फोन करतील. फोन करण्याआधी शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

तर झालं असं. टेक्सासमधला माझा पुतण्या गेली दोन वर्षं शिकारीच्या नादाला लागलाय. शिकार कशाची, तर रोह्यांची! ज्या रोह्यांपायी आपल्याकडची माणसं रात्र रात्र जागलीला शेतात पडून असतात, तीच नीलगाय १९२०-३० च्या दशकांत दक्षिण टेक्सासातल्या किंग रँच नावाच्या अवाढव्य कुरणावर सोडली गेली. तिथे ती अशी रुजली की आता लोक पैसे मोजून तिच्या मागे जातात. तिकडे ते परदेशी जनावर, म्हणून शिकारीला बंद हंगामसुद्धा नाही. इकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, रीतसर परवानगीवाचून हात लावता येत नाही. रोही तीच, एका ठिकाणी तिच्यापायी शेतकरी रडतो आणि दुसऱ्या ठिकाणी रँचवाला हसतो. असो.

पुतण्याला हवी आहे दुनळी रायफल. दिसायला आपल्या डबल बारच्या बंदुकीसारखी, शेजारी शेजारी दोन नळ्या, पण आतून पीळ असलेल्या. छर्रे नाहीत, एकेक गोळी. माप मध्यम, म्हणजे पॉइंट ३७५ इंचाचं. दोन जुन्या रायफली त्याने हेरून ठेवल्यात. एक लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडची 'रॉयल', दुसरी बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सची 'ड्रॉपलॉक'. दोन्हींचे फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "काका, तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुम्हीच सांगा."

मी चष्मा शोधेपर्यंत निकाल लागलासुद्धा. मेहुण्यांनी लिहिलं, हॉलंड. चुलतभावाने लिहिलं, हॉलंड, त्यात काय विचारायचं. आमचे पुण्याचे एक ब्लॉगमित्र (अत्यंत सज्जन गृहस्थ, पण संस्थानिकांचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलतो) त्यांनी तर लांबलचक मेल पाठवून राजेमहाराजांच्या दिवाणखान्यांचं वर्णन केलं आणि शेवटी म्हणाले, "नाव ते नाव." कारण विचाराल तर सगळ्यांचं एकच. नाव. कोणी एकानेही ती उघडते कशी, साफ होते कशी, पावसात भिजली तर काय, हे विचारलं नाही. मग माझं डोकं फिरलं आणि हे लिहायला बसलो.

आधी नावाचंच बघू. हॅरिस हॉलंड हा मूळचा तंबाखूचा व्यापारी. त्याने १८३५ मध्ये दुकान थाटलं, पुढे पुतण्या हेन्रीला हाताशी घेतलं आणि १८७६ पासून दुकानाचं नाव 'हॉलंड अँड हॉलंड' झालं. म्हणजे काका-पुतण्याचं दुकान. (काका-पुतण्या म्हटलं की परळीकरांच्या डोळ्यांसमोर निराळंच काही येतं, ते सोडा.) स्वतःचा कारखाना उभा राहीपर्यंत हॉलंडच्या नावाची कित्येक हत्यारं बर्मिंगहॅमच्या कारागिरांच्या हातची होती. त्याच बर्मिंगहॅममध्ये वेस्टली रिचर्ड्सचं घर १८१२ पासून बंदुका करत होतं. आज जगभरच्या साध्या दुनळी बंदुकांत जी रचना दिसते, नळ्या वाकवून उघडल्या की आतले घोडे आपोआप चढतात ती, याच घरच्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांची. १८७५ सालची. तेव्हा कोण मोठं आणि कोण धाकटं, हे लंडनच्या पत्त्यावरून ठरवू नका.

हॉलंडला कमी लेखायचं नाही मला. १८८३ साली 'द फील्ड' या इंग्रजी साप्ताहिकाने रायफलींच्या चाचण्या घेतल्या, त्यात हॉलंडने सगळे गट जिंकले होते. पुतण्याला ज्या मापाची रायफल हवी आहे ते ३७५ चं काडतूससुद्धा हॉलंडचंच, १९१२ सालचं. ते उत्तम आहे. रोह्याचा नर अडीचशे किलोपर्यंत भरतो आणि भलता चिवट असतो, त्याला हे माप अगदी योग्य. उगाच हत्तीच्या मापाची रायफल घेऊन खांदा मोडून घेऊ नये. पण काडतूस ज्याचं, बंदूक त्याचीच घ्यावी असा काही नियम नाही.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला मला आमच्या घरात यावं लागेल. पुतण्याने ही अर्धीच ऐकलेली आहे.

आमचा हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. सहावा निजाम महबूब अली खान नामांकित शिकारी, आणि राजा तशी प्रजा म्हणतात तसे जहागीरदारही शिकारीचे शौकीन. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, अशाच एका जहागीरदाराकडे बंदुका पुसायच्या कामाला होते. पुसणं, तेल देणं, वाहून नेणं, उडवायची मात्र कधीच नाही. माझे वडील त्यांचे धाकटे भाऊ, वय एकोणीस-वीस, हाक्याला जायचे. ही १९४६ च्या सुमाराची गोष्ट. बालाघाटाच्या उतारावर जोंधळ्यात रानडुकरं माजली होती. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला आणि ओढा ओलांडताना धन्याची दुनळी पाण्यात पडली. कुठल्या घरची होती? दादांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यांच्या लेखी ती 'विलायती', बस्स. तिच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या होत्या आणि पट्टीच्या आत कळ, म्हणजे घोडा, कमान, खिटी वगैरे सगळं यंत्र. पट्टी काढायची तर पेच फिरवायचा. त्या पेचाची खाच इतकी अरुंद की दादा आम्हाला करंगळीचं नख दाखवून सांगायचे, "एवढी." तिचा खास पेचकस हैदराबादच्या कोठीत राहिलेला. रात्री कंदिलाच्या उजेडात दादांनी लोहाराकडचा पेचकस कानशीने घासून लावला. डावी पट्टी निघाली. उजव्या पेचाची खाच खराब झाली आणि पट्टी काही हलेना. त्यांनी फटीतून तेल सोडलं, चूल पेटवून ऊब दिली, आणि घाबरून कोणाला काही बोलले नाहीत.

सकाळी डुक्कर निघालं ते थेट हाकेवाल्यांवर. धन्याने पहिला चाप ओढला. नुसता 'कट्' असा मेलेला आवाज. तेवढ्यात डुकराने माझ्या वडिलांची मांडी फाडली. मग दुसरा चाप, आणि डुक्कर त्यांच्या अंगावरच पडलं.

वडील वाचले, पण जन्मभर लंगडत चालले. दादांना सगळ्या हाकेवाल्यांसमोर मार बसला आणि दोन महिन्यांचा पगार गेला. १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, दादा गिरणीत हमालीला लागले. पण म्हातारपणीही दिवाळीत आम्ही मुलं टिकल्यांचं पिस्तूल घेऊन खेळायला लागलो की ते उठून आत जायचे.

दोष त्या बंदुकीचा नव्हता, मी तसं म्हणतच नाही. दोष असलाच तर या समजुतीचा, की चांगली बंदूक ती जिच्याकडे बघून पाहुणे वाहवा करतात. आमच्या घरच्या माणसाला ती ना मिरवायची होती ना उडवायची. त्याला ती रात्री उघडायची होती.

म्हणून वेस्टली! १८९७ मध्ये त्यांनी पेटंट घेतलेली ड्रॉपलॉकची रचना बघा. रायफलीच्या पोटाखाली एक झाकण असतं. बोटाने दाबलं की ते उघडतं आणि दोन्ही कळा एकेक करून तळहातावर येतात, सुपारी काढावी तशा. पेचकस नाही, लोहार नाही. पुसा, तेल द्या, परत बसवा. कित्येक गिऱ्हाईकं कळांची जादा जोडी बरोबर ठेवत. एक रुसली तर दुसरी बसवायची आणि सकाळी निघायचं. जिथे बंदूक दुरुस्त करणारा दोनशे मैलांवर, तिथे याहून मोठा गुण कोणता?

पुतण्याने यावर लगेच उत्तर धाडलं, "काका, हॉलंडच्याही पट्ट्या हाताने निघतात." खरं आहे. १९०८ पासून त्यांनी पेचाला छोटी दांडी दिली, ती बोटाने फिरते. पण मग पुढे बघ ना! ती पट्टी बसते लाकडात. पावसाळ्यात दस्त्याचं लाकूड फुगतं, पट्टी आवळते, आणि सारखी काढघाल केली की लाकडाच्या कडा झिजतात. वेस्टलीची कळ पोलादाच्या पोटात बसते. पोलाद फुगत नाही.

दुसरा आक्षेप मेहुण्यांचा, कुठूनतरी वाचून आलेला. पेटीसारख्या रचनेत कळांसाठी पोलाद आतून कोरावं लागतं, म्हणून ती कमजोर. हे मोठ्या तोफांना लागू. पॉइंट ४७० सारख्या मापाला मी विचार केला असता. ३७५ ला तो प्रश्नच येत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हरतो आणि तसं कबूल करतो. हॉलंडच्या कळेत एक जादा खिटी असते. बंदूक हातातून पडली, धक्का बसला आणि घोडा सुटला, तरी ती त्याला अडवते. वेस्टलीत बहुधा ती नसते. तेव्हा वेस्टली घेतलीस तर चालताना नळ्या उघड्या आणि रिकाम्या ठेवायच्या, जागेवर उभा राहिलास की मगच काडतुसं घालायची. जे पाळायला शिस्त लागते, ते पाळता येत नसेल तर दोन्ही घेऊ नकोस.

दुसऱ्या नळीबद्दलही लिहितो, कारण "एकनळी साधी रायफल का नको?" असं कोणीतरी विचारणारच. साध्या रायफलीत दुसरी गोळी चढवायला हात हलवावा लागतो. दुनळीत दोन नळ्या, दोन चाप, दोन कळा. म्हणजे मुळात दोन बंदुका एका दस्त्यावर. एक मेली तरी दुसरी जिवंत. मी १९५० चा जन्म. त्या दिवशी दुसरी नळी नसती तर हा ब्लॉगही नसता आणि टेक्सासमधला पुतण्याही नसता. जिम कॉर्बेटच्या गाजलेल्या रायफली बघा. एक रिग्बीची २७५, साधी, आणि दुसरी जेफ्रीची ४५०/४००, दुनळी. दोन्हींवर ना हॉलंडचं नाव ना वेस्टलीचं. ही गोष्ट पुण्याच्या मित्रांनी जरा शांतपणे वाचावी.

आमच्याच जिल्ह्यात २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. पुढे १८ डिसेंबरला करमाळ्याकडे त्याला गोळी घातली गेली. त्या महिन्यात ज्वारीची, तुरीची रानं ओस पडली होती, लोक संध्याकाळी पाचला दार लावून घेत होते. बंदूक कोणत्या कंपनीची, असं तेव्हा मला एकाही माणसाने विचारलं नाही. गोळी सुटली का, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

राहता राहिल्या आमच्या वहिनी. त्यांनी निरोप धाडलाय की वैजनाथाच्या पायाशी राहून भावजी हिंसेचं का लिहितात. वहिनी, आपण खातो ती भाकरी रात्रभर कुणीतरी गोफण घेऊन राखलेली असते. पोराला शिकार सोड म्हणून सांगायचं असेल तर जरूर सांगा, मीही सांगून पाहिलंय, ऐकत नाही. ऐकत नाही म्हणूनच निदान हत्यार तरी नीट घेऊ दे.

तर बाळा, रॉयलची किंमत तू सांगतोस ती जवळजवळ दुप्पट आहे. ती जादा रक्कम नावाची आणि पट्टीवरच्या वेलबुट्टीची. रोह्याला वेलबुट्टी दिसत नाही. वेस्टली घे. पण घेण्याआधी दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर जवळ जवळ पडतात का, हे तुला मिळणारी काडतुसं घालूनच बघ. दुनळीच्या नळ्या एका विशिष्ट काडतुसासाठी जुळवलेल्या असतात, दुसरं घातलं की गोळ्या फाकतात.

आणि दुकानात गेलास की मला व्हिडिओ कॉल लाव. दुकानदाराला म्हण, पेचकस बाजूला ठेवा. दोन्ही कळा स्वतःच्या हाताने काढ, पूस, परत बसव. मग खोटी काडतुसं घालून दोन्ही चाप ओढ आणि फोन जवळ धर. आधी उजवा, मग डावा. मला दोन्ही आवाज ऐकायचे आहेत.