वॉर्सा पाहिले; पुढे काय?

राघोबादादांनी 1781 च्या सुमारास आपले वकील विलायतेस धाडले. ते परतल्यावर समुद्रोल्लंघनाच्या दोषाबद्दल त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुढे शंभर वर्षे लोटली, तरी परदेशगमन करावे की न करावे या वादातून पुणे सुटले नव्हते. आज हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील तरुण मंडळी कामानिमित्त युरोपात जातात, केवळ सहलीसही जातात, आणि परतल्यावर त्यांना पंचगव्य घ्यावयास कोणी सांगत नाही. हे उत्तम झाले. परंतु जाण्याचे बंधन सुटले म्हणजे जाण्याचे फळही पदरी पडले, असे नव्हे.

पोलंडची राजधानी वॉर्सा हिचेच उदाहरण घेऊ. आमचा प्रवासी तेथील जुन्या बाजारचौकात उभा राहतो, रंगीत घरांच्या रांगा पाहून थक्क होतो, शेकडो छायाचित्रे घेतो आणि ‘हे लोक जुने किती जपतात!’ असा उद्गार काढून घरी येतो. मुद्दा नेमका येथेच निसटतो. ती घरे जपलेली नाहीत. ती पुन्हा बांधलेली आहेत. 1944 चा उठाव मोडल्यावर जर्मन फौजांनी ते शहर बुद्धिपुरस्सर उद्ध्वस्त केले. त्याच्या ऐतिहासिक भागापैकी 85 टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. युद्ध संपताच नागरिकांनी ढिगारे उपसले आणि जुन्या चेहऱ्यामोहऱ्याचे शहर पुनश्च उभारले. 1971 मध्ये राजवाड्याचे काम हाती घेतले, तेही लोकवर्गणीच्या बळावर. 1980 मध्ये युनेस्कोने या जुन्या नगरास जागतिक वारशात स्थान दिले.

हे साधले कशाने? बेलोत्तो नामक चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली नगरचित्रे आणि वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी मोजमापे घेऊन तयार केलेले आराखडे हाताशी होते. वॉर्सा कागदावर शिल्लक होते, म्हणून ते जमिनीवर परत येऊ शकले. युद्धकाळात याच देशाच्या सुमारे पाच हजार निर्वासितांना कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला होता. त्याचे स्मारक आज वॉर्सात आहे. स्मरण ठेवणे हा त्या लोकांचा स्वभावच दिसतो.

आता आपल्या घराकडे पाहू. 1732 मध्ये बांधून झालेला शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला आणि आत केवळ जोती उरली. त्या हानीस निदान आगीची सबब आहे. आज कसबा, सदाशिव, नारायण या पेठांतून जे वाडे नाहीसे होतात, त्यांना कोणती आग लागली आहे? पुणेकरांना हे काम जमत नाही, असेही नव्हे. 1879 मध्ये बुधवारवाडा भस्मसात झाला, त्या वेळी विश्रामबागवाड्याचाही भाग जळाला. परंतु लोकांच्या वर्गणीतून व नगरपालिकेच्या साहाय्याने तो पुन्हा बांधला गेला. तो आजही उभा आहे.

कोणी म्हणेल, छप्पर गळते, भाडे नाममात्र येते, भाऊबंदांचे तंटे मिटत नाहीत. इतरांच्या हौसेचा भार एकट्या मालकाने का वाहावा? हा आक्षेप रास्त आहे. वारसा सर्वांचा असेल, तर त्याचा खर्चही सर्वांनी उचलला पाहिजे. जुना वाडा राखणाऱ्या मालकास दुरुस्तीस पैसा आणि न चढविलेल्या मजल्यांचा मोबदला मिळावा, हे आमचे मत आहे. तथापि प्रत्येक वाडा वाचेल, अशी भाबडी आशा आम्ही बाळगत नाही.

म्हणूनच आमची सूचना अगदी माफक आहे. जो वाडा पडावयाचा आहे, तो पडण्यापूर्वी त्याचे दरवाजे, चौक, खांब, तुळया यांचे मोजमाप घेऊन बिनचूक आराखडे तयार व्हावेत, आणि त्याखेरीज पाडण्याचा परवाना मिळू नये. यास ना मोठा निधी लागतो, ना कोणाच्या मालकीस धक्का लागतो. हिंजवडीच्या मंडळींपाशी संगणक आहेत, कौशल्य आहे आणि आठवड्यास दोन दिवस सुटी आहे. लक्ष्मी रस्ता व रविवार पेठेतील व्यापाऱ्यांनी किरकोळ खर्च उचलावा. याच पेठांच्या गजबजाटावर त्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत.

आणि हिंजवडीने स्वतःसही विसरू नये. काचेच्या इमारतींच्या आधी तेथे एक गाव होते. म्हातोबाचे बगाड चैत्री पौर्णिमेस तेथूनच वाकडकडे निघते. त्या गावातील जुन्या घरांची मोजमापे कोणी घेतली आहेत काय? विलायतेस जाणाऱ्याने पूर्वी परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावयाचे असे. आता त्याने हातात मोजपट्टी घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.