कापसाचा बर्फ

पंखा पाचावर ठेवून, बनियनच्या टोकानं घाम टिपत, प्लास्टिकच्या झाडावर कापसाचा बर्फ चिकटवणारा गृहस्थ पाहिला की मला त्याच्याविषयी अपार आदर वाटतो. डिसेंबरातल्या मुंबईत भर दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. अशा हवेत आपल्या दिवाणखान्यात बर्फ पडला आहे असं मानायला जी श्रद्धा लागते, तिच्या चतुर्थांश श्रद्धा लोकांनी आमच्या मुदत ठेवींवर ठेवली असती, तर बँकांना जाहिराती कराव्या लागल्या नसत्या.

माझं भांडण नाताळाशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाताळ हा मला मनापासून आवडणारा सण आहे, आणि आमच्या वसईकर हेडकॅशियरच्या घरून येणारा फराळाचा डबा हे त्याचं एकमेव कारण नव्हे. (एक कारण आहे.) झाडाशीही माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'झाड म्हणजे असंच पाहिजे' म्हणणाऱ्यांशी. असंच म्हणजे सहा फुटी, हिरव्या प्लास्टिकचं, खोक्यातून काढून छत्रीसारखं उघडायचं आणि सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाला की छत्रीसारखंच मिटून माळ्यावर फेकायचं.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे पाहिलं की आधी तिचा ताळेबंद दिसतो. या झाडाचा पाहा. वर्षातले पंधरा दिवस काम, साडेतीनशे दिवस माळ्यावर मुक्काम, उत्पन्न शून्य, आणि दर वर्षी काड्या गळून घसारा मात्र नियमित. आमच्याकडे अशा मालमत्तेला एनपीए म्हणतात आणि ती वाढली की मॅनेजरची बदली होते. घरी ती वाढली तर फार तर माळा वाढवतात. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेनं हिशेब करून सांगितलंय, की साडेसहा फुटी प्लास्टिकच्या झाडापायी सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खऱ्या झाडाशी बरोबरी साधायची तर ते दहाएक वर्षं तरी वापरलं पाहिजे. आमच्या सोसायटीतल्या उंदरांनी आजवर एकाही झाडाला ही मुदत पुरी करू दिलेली नाही.

यावर परंपरावाले म्हणतात, "अहो, पण मूळ झाड फरचं. त्याची नक्कल तरी नको का घरात?" आता मूळच काढलंत म्हणून सांगतो. जर्मन मुलखात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस. मध्ययुगात त्यांच्या गोष्टीचं नाटक होई आणि नाटकात एदेन बागेतलं ते सुप्रसिद्ध फळझाड दाखवावं लागे. झाड पाहिजे सफरचंदाचं, आणि ऐन डिसेंबरात तिकडे सफरचंदाच्या झाडावर औषधाला पान नसतं. तेव्हा त्या शहाण्या लोकांनी रानातलं हिरवंगार फरचं झाड उचलून आणलं आणि त्याला सफरचंदं टांगली. पुढे तेच लोकांच्या घरात आलं. म्हणजे ज्याला तुम्ही मूळ म्हणता, ते मुळातच 'ऐवजी'चं झाड आहे!

पुढची वंशावळही तीच. १९व्या शतकात जर्मनीत जंगलतोडीची काळजी वाटू लागली, तेव्हा पाळीव हंसांची पिसं हिरवी रंगवून, तारेवर गुंडाळून झाडं केली गेली. १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापून आलं. १८५० साली एका अमेरिकन मासिकानं तेच चित्र छापलं. फक्त राणीचा मुकुट आणि प्रिन्स आल्बर्टची मिशी पुसून टाकली. झालं! राजघराण्याचं झाड मध्यमवर्गाचं झालं. मिशी पुसली की कुठलीही गोष्ट मध्यमवर्गाला परवडते.

१९५९ च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅल्युमिनियमच्या झाडांचं वेड आलं. धातूच्या झाडावर विजेची माळ सोडली तर झाडाबरोबर यजमानही उजळण्याची भीती. म्हणून खालून रंगीत फिरती चकती लावून प्रकाश पाडत. १९६५ साली चार्ली ब्राउनच्या नाताळावरचं व्यंगचित्रपट टीव्हीवर आलं. त्यात नायक एक मरतुकडं, काडीसारखं, पण खरं झाड घेऊन येतो. पुढच्या काही वर्षांत धातूची झाडं दुकानांतून दिसेनाशी झाली आणि त्याचं बरंचसं श्रेय या चित्रपटाला देतात. सारांश, या झाडाचा सबंध इतिहास हा बदलाचा आहे. तो नेमका आपल्याच दिवाणखान्यात, प्लास्टिकपाशी येऊन का थांबावा?

आणि 'ऐवजी' ही गोष्ट तर आपल्या हाडीमाशी भिनलेली. दसऱ्याला आपण आपट्याचं पान देतो आणि सोनं म्हणतो. घेणारा कधी हॉलमार्क पाहत नाही. पूजेत एखादी वस्तू नसली की तिच्याऐवजी अक्षता वाहून मोकळे होतो, आणि देवानं अजून कुणाचा चेक परत केल्याचं ऐकिवात नाही. असे आपण, आणि नाताळच्या झाडाच्या बाबतीतच एकदम शास्त्री!

हे सगळं मी विनोदानं लिहितोय, पण मागच्या डिसेंबरात काउंटरवर एक बाई आल्या, तेव्हा हसू आलं नव्हतं. खात्यात तीन हजार आणि काही रुपये. त्यातले अडीच हजार काढायचे होते. घरकाम करणाऱ्या बाई, ओळखीच्या. मी सहज म्हटलं, "बाई, एकदम एवढे? कुणी आजारी आहे का?" त्या म्हणाल्या, "नाय साहेब, झाड घ्यायचंय. समोरच्या बिल्डिंगीत सगळ्यांकडं मोठं झाड हाय. नाय घेतलं तर पोरगी मैत्रिणींना घरी आणत नाय." मी पैसे मोजून दिले. ते माझं काम. पण ज्या सणाची गोष्टच धर्मशाळेत जागा न मिळाल्यानं गव्हाणीत ठेवलेल्या बाळाची, त्या सणात एका पोरीला आपल्या घराची लाज वाटावी, आणि ती लाज अडीच हजारांना विकत मिळावी, याचा मला संताप येतो. दुकानदार झाड विकतो ते ठीक. लाज विकतो ते ठीक नाही.

आता तुम्ही म्हणाल, पुरवण्यांतून हल्ली 'कल्पक पर्याय' येतात, ते करावेत. वाचलेत मी ते. 'टाकाऊ वस्तूंपासून झाड' असं शीर्षक, आणि खाली साहित्य: गरम गोंदाची बंदूक एक, सोनेरी फवाऱ्याचे डबे दोन, चकाकी चार रंगांत, सॅटिनची फीत दहा मीटर, आणि शेवटी 'एक टाकाऊ फांदी'. एवढ्या खर्चात माणूस जर्मनीला जाऊन झाड पाहून येईल. (जाण्याचं भाडं तरी निघेल.) टाकाऊपासून टिकाऊ करता करता टिकाऊ पगार टाकाऊ होतो, तो प्रकार कल्पक नव्हे.

खरे पर्याय घरात आणि अंगणात उभे आहेत. कोकण किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत. सुरू हा काही पाइन नव्हे. त्याच्या सुया म्हणजे बारीक पेरापेरांच्या काड्या. तो इथला मूळ रहिवासीही नव्हे, आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचा. पण आला आणि खाऱ्या वाऱ्यात, वाळूत पाय रोवून उभा राहिला. त्याची वाऱ्यानं पडलेली एखादी फांदी वाळू भरलेल्या कळशीत खोचा. पडलेली म्हणतोय, तोडलेली नव्हे! ती बनं वाळू आणि वारा अडवतात. शिवाय वाळलेल्या सुरूजवळ मेणबत्ती लावू नका, नाहीतर नाताळातच होळी व्हायची. आपल्याकडे कित्येक ख्रिस्ती घरांत आंब्याचं किंवा केळीचं झाडही सजवतात. ज्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखे लोक हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरले, त्या वसईत तरी हिरवं प्लास्टिक पाहून मन खट्टू होतं. हेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

गोव्याकडे गोठा करताना आधी नाचणी रुजत घालतात आणि तिचे कोवळे कोंभ शेत म्हणून मांडतात. आपल्या घटस्थापनेच्या रुजवणाची ही सख्खी मावसबहीण. झाडाला याहून जिवंत पर्याय कुठला? आणि दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांनी भिंतीवर हिरवी साडी त्रिकोणी दुमडून लावावी. सौभाग्यवतींची परवानगी आधी काढावी, टाचणी नंतर. पुस्तकांचा मनोरा रचावा, कढीपत्त्याची कुंडी सजवावी, घडीची शिडी उघडून तिच्या पायऱ्यांवर दिवे ठेवावेत.

माझी कसोटी एवढीच, आणि ती कुठल्याही लेखापरीक्षकाला दाखवायला मी तयार आहे. झाडासाठी नवं काही विकत घ्यायचं नाही. सजवताना घरातल्या पोराचा हात लागला पाहिजे. तारा वाकडा आला तरी चालेल, बेथलेहेमवरचा तारा सरळ होता असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. बर्फ वर्ज्य. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सहा जानेवारीनंतर झाडानं आपापल्या कामावर हजर झालं पाहिजे. साडी कपाटात, पुस्तकं फळीवर, कढीपत्ता फोडणीत, शिडी गेलेला बल्ब बदलायला. बँकेतसुद्धा सणाची रजा संपली की दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही करावी लागते. झाडाला वेगळा नियम का?