डाव ठेवून उठतां येतें काय?

छंदाची परीक्षा कोणती, असा प्रश्न केला तर बहुतेक मंडळी उत्तर देतील कीं, त्यापायीं किती वेळ जातो आणि किती पैसा जातो तें पाहावें. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे असें आम्हांस वाटतें. सतारीचा रियाझ करणारा रोज तीन तास त्यांत घालवितो, आणि त्याला कोणी व्यसनी म्हणत नाहीं. उलट, पत्त्यांच्या अड्ड्यावर अर्धाच तास बसणाऱ्या गृहस्थाविषयीं घरच्यांच्या मनांत धाकधूक असते. भेद आहे तो तासांचा नव्हे. पानें मांडलीं म्हणून हांक आली असतां हातांतील छंद खालीं ठेवून मनुष्याला उठतां येतें कीं नाहीं, हा खरा भेद होय.

व्हिडिओ गेम हा आमचा छंद असल्याचें या सदराच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. या खेपेस नवें यंत्र, दिनचर्येंतील फेरफार आणि पानावरचे बदल असें तिन्ही बाजूंचें वर्तमान सांगावयाचें आहे. आणि तें सर्व फिरून फिरून वरील एकाच प्रश्नाशीं येऊन ठेपतें.

यंत्राचें वर्तमान

अमेरिकेंत असलेल्या आमच्या भाच्यानें दिवाळीस येतांना आमच्याकरितां वॉल्व्ह कंपनीचें ‘स्टीम डेक’ आणलें. हें यंत्र २०२२ सालीं प्रथम विक्रीस आलें. सात इंचांचा पडदा, दोहों बाजूंस अंगठ्याखालीं येणाऱ्या कळा, आणि वजन सुमारें ६७० ग्रॅम. जुन्या मापानें पाऊण शेराच्या आंतबाहेर. दिसावयास खेळणें, पण आंत पुरा संगणक. एकदां चार्ज केलें म्हणजे खेळाच्या जातीनुसार दोन ते आठ तास चालतें असें कंपनी सांगते. आमचा अनुभव असा कीं, शेतीभातीचा साधा खेळ यंत्रास पांच-सहा तास पुरवून खेळतां येतो, आणि लढायांचे झगझगीत खेळ दोन तासांतच त्याला धाप लावतात.

परंतु आम्हांस मोल वाटलें तें त्याच्या वेगाचें नव्हे. वरच्या कडेला एक लहानशी कळ आहे. ती दाबतांच खेळ जेथल्या तेथें गोठतो आणि पडदा मालवतो. पुन्हां दाबली कीं क्षणभरांत तेंच पाऊल, तीच उडी पुढें चालूं लागते. गृहस्थाश्रमी मनुष्याला याहून मोठी सोय कोणती हवी?

या कळेमागें बराच इतिहास आहे. १९७८ सालीं जपानांत निघालेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि त्याच्या मागून आलेले खेळ दुकानांतल्या उभ्या पेटाऱ्यांत नाणें टाकून खेळावयाचे असत. पेटाऱ्याच्या मालकाचें हित डाव लवकर संपण्यांत होतें. एक डाव संपला म्हणजे दुसरें नाणें पडे. पुढें खेळ घरांत आले, नाण्याची गरज सरली, डाव लांबले, आणि अर्धा राहिलेला डाव ठेवावा कोठें हा प्रश्न उभा राहिला. कांहीं खेळ त्यासाठीं अक्षरांची एक लांबलचक परवलीची ओळ देत. ती वहींत उतरून घ्यावयाची आणि दुसरे दिवशीं जशीच्या तशी भरावयाची. एक अक्षर चुकलें कीं सगळी मजल फुकट. १९८७ सालीं अमेरिकेंत विकावयास आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या खेळाच्या सोनेरी पेटींत निंटेंडो कंपनीनें एक लहान बॅटरी बसविली. यंत्र बंद असतांही खेळाची आठवण तिच्या जोरावर जागी राही. आमच्या यंत्रावरची कळ ही त्या बॅटरीची नात म्हणावयास हरकत नाहीं.

बुद्धिबळांत ही सोय त्याहून जुनी होती. मोठ्या सामन्यांत डाव लांबला म्हणजे ज्याची पाळी असे तो आपली पुढची खेळी कागदावर लिहून पाकिटांत बंद करी. पंच तें पाकीट सांभाळीत, आणि दोघेही जेवून-झोपून दुसरे दिवशीं तोच डाव पुढें चालवीत. १९७२ सालीं आइसलंडांत रेकयाविक येथें फिशर आणि स्पास्की यांच्यामध्यें जगज्जेतेपदाचा जो सामना झाला, त्याचा एकविसावा आणि अखेरचा डाव असाच तहकूब झाला होता. दुसरे दिवशीं स्पास्की पटाशीं आलाच नाहीं, त्यानें टेलिफोनवरून हार कळविली. पुढें संगणक बुद्धिबळांत पारंगत झाले. तहकूब डाव रात्रीं यंत्रापुढें मांडून सकाळपर्यंत त्याचें उत्तर काढतां येऊं लागलें, आणि १९९० नंतरच्या दशकांत पाकिटाची चाल मावळली. एकाच यंत्रानें एका खेळाला थांबण्याची जागा दिली आणि दुसऱ्याची काढून घेतली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. थांबण्याची जागा आपोआप असत नाहीं. कोणीतरी ती करावी लागते.

सवयींचें वर्तमान

हल्लीं आम्ही ‘स्टार्ड्यू व्हॅली’ खेळतों. एरिक बॅरोन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें चार वर्षांहून अधिक काळ एकट्यानें खपून तो तयार केला आणि २०१६ सालीं प्रसिद्ध केला. चित्रें त्याचीं, संगीत त्याचें, संवादही त्याचेच. आजोबांची पडीक शेती नातवंडाच्या हातीं येते, एवढेंच कथानक. नांगरावें, पेरावें, गुरें राखावीं, गांवकऱ्यांशीं ओळख वाढवावी. खेळांतला एक पुरा दिवस आपल्या घड्याळानें सुमारें चौदा मिनिटांत सरतो. शेतकरी रात्रीं बिछान्यावर पडला म्हणजेच, मूळ रचनेप्रमाणें, डाव जतन होतो. आणि रात्रींच्या दोनपर्यंत तो निजला नाहीं तर जागच्या जागीं कोसळतो. झोपेचें महत्त्व इतक्या रोखठोकपणें शिकविणारें क्रमिक पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं.

तथापि मोह येथेंही आहेच. दिवस चौदा मिनिटांचा, तेव्हां ‘आणखी एकच दिवस’ असें मन म्हणतें, आणि असे दहा दिवस म्हणतां म्हणतां निघून जातात. म्हणून आम्हीं नियम केला आहे: रात्रींच्या जेवणानंतर शेतीचे तीन दिवस, म्हणजे बेचाळीस मिनिटें, आणि मग यंत्र कपाटांत. मिनिटें मोजण्यापेक्षां खेळाच्याच मापानें मोजलें तर नियम पाळावयास सोपा जातो, असें आढळून आलें.

दुसरी सवय डोळ्यांची. पडद्याकडे एकटक पाहतांना पापण्या कमी वेळां लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनीं वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावें, असें नेत्रवैद्य सांगतात. आमच्या खिडकींतून अंगणांतला सोनचाफा तेवढ्याच अंतरावर आहे. त्याला कळ्या केव्हां धरतात हें यंदा प्रथमच आमच्या लक्षांत आलें.

आतां घरांतील कठीण प्रकरणाकडे वळूं. आमचा पुतण्या पंधरा वर्षांचा आहे. त्याचा खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, चौघाचौघांच्या टोळ्या असतात, आणि शेवटीं जी टोळी उरेल ती जिंकते. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. यांत थांबण्याची कळ नाहीं, कारण उरलेले नव्व्याण्णव जण आपल्याकरितां थांबणार नाहींत. एके रात्रीं पानें वाढलीं, तीन हांका झाल्या, तरी स्वारी जागची हलेना. “काका, आतां उठलों तर बाकीचे तिघे मरतील!” असें तो कळवळून म्हणाला. आमच्या मातोश्रींना ऐकूं कमी येतें. त्या घाबऱ्या होऊन स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या: “कोण मरतंय रे बाळा?”

हंसूं आलें, परंतु प्रकरण हंसण्यावारी गेलें नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंनीं फोन काढून घेतला, आणि चार दिवस बापलेकांत अबोला राहिला. एकत्र कुटुंबांत असा अबोला दोघांपुरता राहत नाहीं. तो पंगतींत प्रत्येकाच्या शेजारीं येऊन बसतो. वहिनींना तर घांस गिळवेना.

विचार करतां आम्हांस असें वाटलें कीं, बंधूंचें म्हणणें रास्त असून मुलाचेंही सर्वस्वीं खोटें नव्हतें. तीन मित्रांना शब्द देऊन मध्येंच उठणें हा त्याच्या वयांत लहान गुन्हा नव्हे. गफलत उठण्यांत नव्हती, बसण्यांत होती. साडेआठला पानें मांडावयाचीं हें ठाऊक असतां सव्वाआठला अर्ध्या तासाचा डाव मांडलाच कां? तेव्हां उभयतांशीं बोलून तोड काढली ती अशी: घड्याळ पाहावयाचें तें डाव सुरू करण्यापूर्वीं. पानास पाऊण तास उरला नसेल तर नवा डाव मांडावयाचा नाहीं. आणि मांडलेला डाव वेळेंत बसणारा असेल तर मोठ्या माणसांनीं मध्येंच हिसकावयाचा नाहीं. करार दोन्हीं बाजूंनीं आहे म्हणून मुलानें तो मनावर घेतला. पहिल्या आठवड्यांत तो दोनदां मोडला; त्यानंतर महिनाभरांत एकदांच. फोन परत मिळाला, आणि अबोलाही सुटला.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या आणि २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगांच्या यादींत खेळाच्या व्यसनाची नोंद आहे. तिच्यांत तासांचा आंकडा कोठेंही दिलेला नाहीं. खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व कामांपुढें खेळच येणें, आणि नुकसान दिसत असतांही तो न सुटणें, हीं लक्षणें बहुधा वर्षभर टिकलीं तर वैद्यांनीं तो रोग समजावा, असा तिचा आशय आहे. म्हणजे तेथेंही कसोटी उठतां येण्याचीच. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्याकडे कायद्यानें बंदी आली, तिचेंही आम्हांस याच कारणासाठीं समाधान आहे. हरलेला मनुष्य हरलेलें भरून काढावयास बसून राहतो आणि जिंकलेला आणखी जिंकावयास. त्या डावांत उठण्याची वेळच येत नाहीं.

पानावरचें वर्तमान

इंग्लंडांतील सँडविचच्या अर्लविषयीं अठराव्या शतकापासून अशी आख्यायिका चालत आली आहे कीं, खेळाच्या टेबलावरून उठावें लागूं नये म्हणून त्यानें पावाच्या दोन कापांत मांस घालून मागविलें, आणि त्या पदार्थाला त्याचें नांव पडलें. खरें-खोटें कांहींही असो, एका हातानें खाण्याचे जिन्नस आणि खेळाडू यांचें सख्य तेव्हांपासूनचें दिसतें. आमच्या वरणभाताची थोरवी येथेंच आहे. भात कालवावयाचा, लिंबू पिळावयाचें, आमटीचा भुरका घ्यावयाचा, तर यंत्राला हवा असलेला नेमका तोच उजवा हात लागतो. वरणभात आणि व्हिडिओ गेम एका वेळीं होत नाहीं, हें आमच्या पूर्वजांनीं आमच्यावर करून ठेवलेले उपकारच समजावयाचे.

मधल्या वेळच्या खाण्यांत आम्हीं फेरफार केला. चिवडा, भजीं, वेफर्स हे पदार्थ बोटांस तेल लावतात आणि तें तेल कळांच्या फटींत शिरतें. त्यांच्या जागीं फुटाणे, खारीक आणि केळें आलें. रात्रीं दहानंतर घरपोंच खाणें मागविण्याचें बंद केलें. भूक लागलीच तर ताक आहे.

पुतण्याच्या मंडळींत डब्यांतल्या ‘एनर्जी ड्रिंक’चें प्रस्थ आहे. आपल्याकडील नियमाप्रमाणें अशा पेयांत लिटरमागें १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असूं शकतें. म्हणजे पाव लिटरच्या डब्यांत ७५ मिलिग्रॅमपर्यंत. निरोगी प्रौढाच्या शरीरांतून त्यांतलें निम्में जावयास साधारण पांच तास लागतात. रात्रीं नऊला प्यालेला डबा दोन वाजतां अर्धा शिल्लक असतो, असा याचा अर्थ. शिवाय हीं पेयें मुलांसाठीं नव्हेत असें त्या डब्यावरच छापलेलें असतें. पुतण्यानें तें वाचून दाखविलें तेव्हां वाद आपोआप मिटला, आणि कोकम सरबत पुन्हां प्रचारांत आलें.

सर्वांत चांगला बदल शनिवारचा. पुतण्याचे ‘बाकीचे तिघे’ आतां संध्याकाळीं आमच्याच घरीं येतात. दोन डाव होतात, मग चौघे मिळून पाटपाणी करतात आणि गरम थालीपिठांवर तुटून पडतात. एका शनिवारीं मातोश्रींनीं त्यांना न्याहाळून पाहिलें आणि सुनेस विचारलें, “हेच ना ग ते मरणारे?” आणि प्रत्येकाच्या पानावर लोण्याचा गोळा वाढला.

ज्या घरांत या खेळांवरून खटके उडत असतील तेथील वडील मंडळींस आमची एवढीच सूचना आहे. ‘किती वेळ खेळलास?’ या प्रश्नानें मूल फक्त उत्तर लपवावयास शिकतें. त्याऐवजीं, ‘हा डाव किती वेळाचा, आणि मध्यें ठेवून उठतां येतें काय?’ असें बसण्यापूर्वींच विचारावें. एखादे दिवशीं शेजारीं बसून तो खेळ समजून घ्यावा. जो डाव ठेवतां येतो तो केव्हांही खेळूं द्यावा. जो ठेवतां येत नाहीं त्याला दिवसांतली वेळ नेमून द्यावी. आणि जो कधींच संपत नाहीं त्याला घराबाहेर ठेवावें. पुढील महिन्यांत जुने खेळ नव्या यंत्रावर कसे चालतात, याविषयीं लिहूं.