गावाचा चांगुलपणा आणि मशिदीचा परवाना

अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या एखाद्या लहान गावात नोकरी मिळाली, की आपल्या घरांतून दोन सल्ले लगेच निघतात. पहिला, 'नको जाऊस. तिकडचे गोरे वंशद्वेषी, जवळ मशीद नाही, हलाल मिळत नाही, पोरं हातची जातील.' दुसरा, 'जा बिनधास्त. माणसं देवाला मानणारी, घरदार सांभाळणारी, आपल्यासारखीच. नवीन शेजारी आला की केक घेऊन दारात येतात.' माझी भाची डॉक्टर आहे. अलाबामातल्या एका गावात तिला जागा मिळण्याची शक्यता आहे, आणि तेव्हापासून आमच्या खानदानात हे दोन पक्ष पडले आहेत. मला भांडायचं आहे दोन्ही पक्षांशी, पण दुसऱ्याशी जास्त. पहिला पक्ष घाबरतो, म्हणून निदान चौकशी तरी करतो. दुसरा केकवर भाळतो आणि चौकशीच सोडून देतो.

आधी 'दक्षिण' म्हणजे काय, ते सांगतो. हा शब्द तिकडे नुसता दिशा दाखवत नाही. गुलामगिरी टिकवण्यासाठी १८६०-६१ मध्ये जी राज्यं संघराज्यातून फुटली, ती ही दक्षिण. टेनेसी, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, दोन्ही कॅरोलिना, टेक्सास वगैरे. चर्च तिथल्या रोजच्या जगण्यात आहे. नव्या माणसाला पहिल्या-दुसऱ्या भेटीतच विचारतात, 'तुम्ही कुठल्या चर्चला जाता?' यात बहुतेक वेळा खोट नसते. आपल्याकडे 'गाव कुठलं, आडनाव काय' विचारतात, तसंच ते. (आपल्याकडच्या त्या प्रश्नात खोट असते की नाही, हे भाड्याचं घर शोधलेल्या कुठल्याही मुस्लिम माणसाला विचारा.)

फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. शहरात दोन खोल्यांना जेवढं भाडं पडतं, तेवढ्यात इथे अंगणासकट घर मिळतं. कामाला जायला दहा मिनिटं. शाळेतली बाई मुलाला नावानं ओळखते. आजारी पडलात, तर शेजारीण जेवण आणून देते. तोटेही खरे आहेत. बस नाही, गाडीशिवाय पान हलत नाही. हलाल मटणासाठी तास-दीड तास गाडी हाकून मोठ्या शहरात जायचं आणि डीप फ्रीझर भरून ठेवायचा. शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव शाळेच्या फुटबॉल सामन्याला जमतं. रमजान त्या हंगामात आला, तर मुलाला इफ्तार त्या मैदानाच्या पायरीवर करावा लागतो. हे सगळं निभतं. माणूस याची सवय करून घेतो.

निभत नाही ते मरण. घरात मय्यत झाली, तर गुस्ल कोण देणार, जनाज्याच्या नमाजाला किती जण उभे राहणार, कब्रस्तान किती मैलांवर? मुंबई-पुण्यातून सल्ला देणारे हे विचारत नाहीत, कारण त्यांच्या मोहल्ल्यात ही सोय आजोबांच्या आधीपासून आहे. लहान गावात राहायचं की नाही, याचा माझ्या लेखी खरा कस इथे लागतो. मशीद आणि कब्रस्तान या दोन गोष्टींना जमीन लागते, जमिनीला परवाना लागतो, आणि परवाना केक देऊन मिळत नाही.

टेनेसीतल्या मर्फ्रीसबरोची गोष्ट म्हणून मुद्दाम लांबवून सांगतो. तेव्हा लाखभर वस्तीचं गाव, आपल्या हिशेबानं तालुक्याचं. तिथे मुस्लिम कुटुंबं १९८०च्या दशकापासून राहत होती. डॉक्टर, प्राध्यापक, दुकानदार, विद्यार्थी. शेजाऱ्यांशी संबंध चांगले. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी नवी मशीद बांधायला जमीन घेतली. मे २०१० मध्ये काउंटीच्या नियोजन मंडळानं आराखडा मंजूर केला, आणि तीस वर्षांची ओळख एका उन्हाळ्यात उसवली. विरोधात मोर्चा निघाला. समोरून पाठिंब्याचा मोर्चाही निघाला, तेही लिहून ठेवायला हवं. ऑगस्टच्या अखेरीस बांधकामाच्या जागेवरची यंत्रं पेटवून दिली गेली. मग दावा दाखल झाला. त्यात काय म्हणणं मांडलं गेलं? की इस्लाम हा धर्मच नाही, म्हणून धर्मस्थळाला मिळणारं संरक्षण त्याला लागू होत नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याला कोर्टात लेखी सांगावं लागलं, की इस्लाम हा धर्म आहे. एकविसाव्या शतकात!

मे २०१२ मध्ये स्थानिक न्यायाधीशानं मंजुरी रद्द केली. कारण धर्माचं दिलं नाही. सभेची जाहीर सूचना नीट दिली गेली नव्हती, एवढंच. तोवर इमारत उभी राहिली होती. वापराचा दाखला अडकला. मग गावातल्या चांगल्या माणसांनी काय केलं? पुष्कळ केलं. पाद्री बोलले, प्राध्यापक बोलले, पत्रं लिहिली. पण कुलूप उघडलं ते संघराज्याच्या न्यायालयाच्या जुलैमधल्या आदेशानं. धर्मस्थळांच्या जमिनीबाबत भेदभाव करू नये, असा २००० सालचा कायदा आहे, त्याच्या आधारानं. ऑगस्ट २०१२ मध्ये, रमजानातच, तिथे जुम्मा झाला. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विरोधकांचं अपील ऐकायला नकार दिला.

मिसिसिपीतल्या हॉर्न लेकमध्ये २०२१ साली हेच झालं, थोड्या अंतरात. मशिदीचा अर्ज नाकारला. आवाज, वाहतूक, पाणी अशी कारणं. चर्चना मात्र त्या भागात अडचण आली नव्हती. खटला झाला आणि काही आठवड्यांत, २०२२च्या सुरुवातीला, गावानं समझोता करून परवानगी दिली. आवाज आणि वाहतूक तेवढीच होती, फक्त वकील आला होता.

'मग चांगुलपणा खोटा का?' असं विचाराल. नाही, आणि इथे पहिल्या पक्षाचंही चुकतं. टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावची मशीद जानेवारी २०१७ मध्ये जाळली गेली, तेव्हा तिथल्या ज्यूंनी आपल्या सिनगॉगच्या किल्ल्या मुसलमानांच्या हातात ठेवल्या. वर्गणीतून दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. मेम्फिसच्या कडेला असलेल्या एका चर्चनं नवीन येणाऱ्या इस्लामी केंद्राच्या स्वागताचा फलक लावला आणि २०१० च्या रमजानात नमाजाला आपली जागा दिली, अगदी त्याच उन्हाळ्यात, त्याच राज्यात, जेव्हा मर्फ्रीसबरोत यंत्रं जळत होती. हे वाचून डोळे भरतात, भरू द्यावेत. पण व्हिक्टोरियाची मशीद जाळणाराही बाहेरून आलेला नव्हता, त्याच गावात राहणारा होता. ओळख त्याला थांबवू शकली नाही. त्याला साडेचोवीस वर्षांची शिक्षा झाली ती कोर्टात.

ओळखीवर भरवसा ठेवणाऱ्यांनी मिसिसिपीतलंच सम्नर हे गाव आठवावं. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनाचा खटला तिथे चालला. गाव इतकं लहान, की वकील पाचच. पाचही आरोपींच्या बाजूनं उभे राहिले. ज्यूरीत बाराही गोरे पुरुष. तासाभरात निर्दोष म्हणून मोकळे केले, आणि पुढच्याच वर्षी आरोपींनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. त्या गावात सगळे सगळ्यांना ओळखत होतेच की. म्हणूनच तर हे झालं.

आणि 'दक्षिणेत मुसलमान म्हणजे नवी पाहुणी माणसं' ही समजूतही सोडा. उमर इब्न सईद हा सेनेगल भागातला आलिम माणूस १८०७ मध्ये गुलाम म्हणून कॅरोलिनात उतरवला गेला. पळाला, फेयेटव्हिलला पकडला गेला, आणि तिथल्या तुरुंगाच्या भिंतींवर त्यानं अरबीत लिहिलं. ते पाहून गावात कुतूहल झालं. पुढे ज्या घरानं त्याला विकत घेतलं, तिथे त्याला कष्टाची कामं दिली नाहीत, वाचायला पुस्तकं दिली, पाहुण्यांना कौतुकानं दाखवलं. १८३१ मध्ये त्यानं अरबीत आत्मचरित्र लिहिलं. सुरुवात सूरह मुल्कनं केली, म्हणजे मालकी कुणाची या आयतींनी. माझ्या मते ते सहज झालेलं नाही. मालक भला होता असं त्यानंच लिहिलंय. आणि १८६० च्या दशकात तो मेला, तेव्हाही गुलामच होता. भल्या मालकाला कागदावर एक सही करता आली असती. चांगुलपणाची हद्द कुठे संपते ते मला या माणसाकडून कळतं. आज फेयेटव्हिलमध्ये त्याच्या नावाची मशीद आहे.

आता स्वागत कुणाचं होतं तेही बघा. भाचीसारख्या डॉक्टरांना ही गावं मिळतात ती एका सवलतीमुळे. जे-वन व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरला शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी जावं लागतं. डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम केलं, तर ती अट माफ होते. १९९४ मध्ये राज्यामागे वर्षाला अशा २० जागा होत्या, आता ३० आहेत. गावाला डॉक्टरची गरज, डॉक्टरला व्हिसाची गरज. केक याही हिशेबात असतो. टेनेसीतल्याच शेल्बीव्हिलला कोंबड्यांच्या कारखान्यात सोमाली मुसलमान राबतात. २००८ मध्ये त्यांच्या युनियननं करारात कामगार दिनाच्या सुट्टीऐवजी ईदची सुट्टी मिळवली, तर देशभर गहजब झाला आणि करार दुरुस्त करून कामगार दिन परत आणावा लागला. डॉक्टरीणबाईंचा हिजाब गाव सहन करतं, कोंबड्या कापणाऱ्या बाईचा डोळ्यांत खुपतो. माझ्या भाचीनं तिच्या स्वागतावरून गावाची परीक्षा करू नये. कारखान्याच्या गेटवर उभं राहून करावी.

हे सगळं मी महाराष्ट्रातल्या वाचकांसमोर का मांडतोय? कारण 'आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदानं राहतात' हे वाक्य आपण दक्षिणेतल्या कुठल्याही गोऱ्या आजीपेक्षा जास्त वेळा बोलतो. ते खरंही असतं. ईदला शीरखुर्मा जातो, दिवाळीला फराळ येतो, उरुसाला सगळं गाव जमतं. मी ज्या उर्दू शाळेत शिकवत होतो, तिथे एका वर्गखोलीसाठी आम्ही वर्षानुवर्षं अर्ज केले. ज्यांच्या टेबलावर अर्ज पडून होते, ते साहेब दर ईदला आमच्याकडे जेवले. भला माणूस, आईच्या आजारपणात धावून आला. पण खोली मागितली, की 'सर, आपल्यात कसला अर्ज, बघू की' म्हणायचा. आपल्यात कसला अर्ज! या तीन शब्दांत हक्काची विनंती होते आणि विनंतीचा उपकार होतो, आणि मग उपकार न मागता बसणाराच चांगला मुसलमान ठरतो.

दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही म्हणतात, गाव सोडा, मोहल्ला धरा, तिथे कुणाचे उपकार नकोत. त्यांना एकच विचारतो. आपल्या मोहल्ल्यात एखादं दलित कुटुंब भाड्यानं खोली मागायला आलं, तर आपण काय उत्तर देतो? हॉर्न लेकच्या नगरसेवकांच्या भाषेत बोलतो की नाही, वाहतूक, पाणी, आवाज? मोहल्ला ही सोय आहे, आणि दंगलींनंतर ती अनेकांना नाइलाजानं शोधावी लागली, हे मान्य. पण तिला आदर्श म्हणू नका.

भाचीला मी जा म्हणून सांगितलं. शेजारणीचा केक खा, तिला बिर्याणी दे, मुलाला फुटबॉल खेळू दे. पण घर घेण्याआधी जवळचं कब्रस्तान कुठे आहे ते बघ, आणि काउंटीच्या नियोजन मंडळाची सभा कधी असते, सूचना कुठल्या पेपरात छापतात ते विचार. 'मामू, मी डॉक्टर आहे, पुढारी नाही' म्हणाली. मर्फ्रीसबरोतले लोकही पुढारी नव्हते.

आपल्याकडे ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते. माझ्या पाहण्यातल्या एका गावात आपल्या वस्तीतले लोक सभेला येतात ते फक्त कब्रस्तानच्या भिंतीचा विषय असला तर. तो विषय झाला, की चपला घालून निघून जातात. पाण्याची टाकी, शाळेचं छप्पर, घरकुलाची यादी हे विषय त्याच्यानंतर येतात.