अर्ध्यावर सोडलेला धडा

अमेरिकेत सिॲटलच्या आसपास अनेक शाळांत हिवाळ्यात वर्गाच्या कोपऱ्यात काचेची टाकी येते. तिला पाणी गार ठेवणारे यंत्र जोडलेले असते, उजेड लागू नये म्हणून ती झाकलेली असते आणि आत वाटाण्याएवढी, केशरी, दोन काळे डोळे दिसणारी सॅमनची अंडी असतात. मुले रोजचे तापमान लिहितात, त्याची बेरीज करून पिल्ले कधी बाहेर पडतील ते काढतात, पांढरी पडलेली अंडी पिचकारीने ओढून घेतात. पाणी दहा अंशांच्या आसपास राहिले पाहिजे, नाहीतर सगळे मुसळ केरात. वसंतात पिल्ले ओढ्यात सोडतात, फोटो निघतात आणि धडा संपतो.

आमचा आक्षेप या संपण्याला आहे.

सोडलेल्यांतली बहुतेक पिल्ले मरणारच. पण तिसरीतल्या मुलाने सोडलेला कोहो जातीचा सॅमन जगलाच, तर ते मूल सहावीत गेल्यावर समुद्रातून परततो. शरदातला जोराचा पाऊस रस्ते धुऊन ओढ्यात उतरला की हे मासे पृष्ठभागावर येतात, तोंड वासतात, तोल जाऊन कलंडतात आणि काही तासांत मरतात. मादीचे पोट चिरले तर अंडी जशीच्या तशी. शहरी ओढ्यांत परतलेल्या कोहोंपैकी ४० ते ९० टक्के असे मेल्याच्या नोंदी आहेत. कारण २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या शास्त्रज्ञांना सापडले. टायरला भेगा पडू नयेत म्हणून त्यात ६पीपीडी नावाचे रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया होऊन विष तयार होते आणि झिजलेल्या टायरच्या भुकटीबरोबर ते गटारात जाते.

रस्त्याचे हेच पाणी वाळू-कंपोस्टच्या थरातून झिरपू दिले तर कोहो वाचतात, हे तिथल्याच प्रयोगांत त्याआधी दिसले होते. गुन्हेगार सापडण्यापूर्वी उपाय हाती होता! युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम या आदिवासी राष्ट्रांची मागणी मान्य करून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये नियमाची प्रक्रिया हाती घेतली. रसायन मात्र टायरमध्ये आहेच. आणि काटकसरीची कुऱ्हाड आधी कुणावर पडते? मुलांच्या धड्यावर. शेजारच्या कॅनडात २०१७ साली सरकारने शाळांतला सॅमनचा कार्यक्रमच गुंडाळायला घेतला होता. लोकांनी ओरड केल्यावर निर्णय मागे घेतला.

सिॲटलजवळच्या बेलव्ह्यू-रेडमंडच्या मराठी घरांतली मुलेही या शाळांत जातात, आणि त्यांना शाळेत सोडणाऱ्या गाड्यांचे टायर याच रस्त्यांवर झिजतात. पाणलोट म्हणजे डोंगर आणि झरे एवढेच मुलांना कळले, पार्किंगची जागा त्यात आलीच नाही, तर हा धडा निव्वळ सहल ठरेल.

शाळांनी वेळापत्रक बदलावे. टाकी हवीच, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चांगला पाऊस पडून गेल्यावर, सहावीच्या मुलांना त्याच ओढ्यावर न्यावे. मेलेले मासे मोजू द्यावेत. कोणत्या रस्त्याचे गटार कुठे उघडते, याचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्यावा. तो नकाशा नगरपरिषदेच्या सभेत ठेवून मुलांनी विचारावे : यातल्या किती गटारांचे पाणी मातीतून गाळून ओढ्यात येते, आणि उरलेल्यांचे कोणत्या वर्षापर्यंत येईल?